परीक्षक क्रमांक दोन

विनया खोत यांच्या टेबलाच्या काचेखाली पोस्टकार्डं होती. एक पोलंडचं, एक ब्राझीलचं, दोन कॅनडाची. त्या काळी परदेशातल्या कुणाला तुमचा शोधनिबंध वाचायचा असला, की तो असं छापील कार्ड धाडून एक प्रत मागायचा. वसईच्या त्या कॉलेजात अशी कार्डं फक्त मानसशास्त्राच्या खोत मॅडमना आली होती. पहिलं आलं तेव्हा केमिस्ट्रीच्या सरांनी तिकिटासाठी हात पुढे केला होता, आणि विनयाने "मुलाला हवंय हो" अशी थाप मारून ते वाचवलं होतं. संकेतला तिकिटांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला क्रिकेट पुरे होतं.

निबंध एकच, चौऱ्याण्णव साली छापून आलेला. पण एकुलत्या एक लेकराचं कौतुक जरा जास्तच असतं. विनया आगाशीच्या अलीकडच्या एका ख्रिस्ती गावात गेली होती, शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या बायकांची स्मरणशक्ती तपासायला. चाचणी साधी. बारा शब्द वाचून दाखवायचे, मग म्हणायचं, सांगा बघू काय काय आठवतंय. जगभर असं दिसतं की माणसाला यादीची सुरुवात आठवते आणि शेवट त्याहून चांगला आठवतो, कारण तो कानात ताजा असतो. या बायकांचं उलटंच. पहिले सहा शब्द ओळीने, खडाखडा, आणि मग गप्प. पुढचं काही नाही. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळ्याच तशा. विनयाने लिहिलं, की निरक्षर वृद्ध मेंदू सुरुवात घट्ट धरून ठेवतो आणि शेवट सोडून देतो. कॉलेजने शाल-नारळ दिला. नवऱ्याने, जयवंतने, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये पेढे वाटले. कुठल्याशा जाडजूड इंग्रजी पुस्तकात तळटीपेत ‘खोत, १९९४’ असं आलं, तेव्हा विनयाने त्या पानाची झेरॉक्स काढून माहेरी चिपळूणला पाठवली. वडिलांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांनी ती देवघराशेजारी चिकटवली.

आणि मग आली फ्लॉसी.

आली म्हणजे परत आली. फ्लॉसी तुस्कानो विनयाचीच विद्यार्थिनी. त्या चाचण्यांच्या वेळी गावात घरं दाखवत फिरली होती ती, कारण गाव तिचंच. पुढे एम.ए., एम.फिल. करून अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये ती विनयाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. उंच, सावळी, मोठ्याने हसणारी. स्टाफरूममध्ये कुणी हसलं की ते नक्की फ्लॉसीमुळे, आणि पोरं दारात घुटमळत असली तर तीही फ्लॉसीसाठीच.

"मिस आहेत?" पोरं विचारायची.

"मी आहे ना," विनया म्हणायची.

"नाही, म्हणजे... फ्लॉसी मिस."

विनयाला ‘मॅडम’, फ्लॉसीला ‘मिस’. पूर्वी विनयाला या फरकाचा अभिमान होता. आता तो बुटात गेलेल्या खड्यासारखा टोचत होता. फ्लॉसीचं अक्षर सुंदर, फ्लॉसीच्या डब्यातल्या माशाच्या कालवणाला वास सुंदर, फ्लॉसी प्राचार्यांशी वाद घालते आणि ते हसून "बरं बाई" म्हणतात. विनयाने पंधरा वर्षांत त्यांच्याशी एकदाही वाद घातला नव्हता, आणि ते विनयाकडे बघून एकदाही हसले नव्हते.

"तुझं पोट दुखतंय," जयवंत एकदा जेवताना म्हणाला.

"मला काय झालंय पोटाला?"

"तसं नाही म्हणत मी. आज तीन वेळा फ्लॉसी झाली. भाजीत मीठ नाही ते मात्र एकदाही नाही झालं."

विनयाने मिठाची वाटी त्याच्या ताटाशी आदळली.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर घरी एक जाड पाकीट आलं. मेंदू आणि आकलन या विषयावरचं दक्षिणेतलं एक नावाजलेलं जर्नल होतं, त्याच्या संपादकांचं. आमच्याकडे एक निबंध आला आहे, तो छापण्याजोगा आहे का, हे आपण तपासून कळवावं. परीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही आणि लेखकाचं परीक्षकाला, असा त्यांचा रिवाज होता. पहिल्या पानावरचं नाव पांढऱ्या शाईने पुसलेलं होतं. आपल्याला परीक्षक नेमलं या आनंदात विनयाने चहा टाकला, चष्मा पुसला आणि वाचायला बसली.

चहा उतू गेला.

निबंध तिच्याच निबंधाविषयी होता. आणि पुसलेल्या नावाची काही गरजच नव्हती. त्या गावात जाऊन म्हाताऱ्यांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलणारी मानसशास्त्राची बाई जगात एकच होती.

फ्लॉसीने लिहिलं होतं की या घरांत रोज संध्याकाळी रोझरीची माळ म्हणतात. एकजण प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि थांबतो, उरलेला अर्धा बाकीच्यांनी म्हणायचा. लहानपणापासून मरेपर्यंत, रोज. अख्खं एकट्यानेच म्हणून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. या बायकांना कुणी शब्द म्हणायला सांगितले, की त्या आपला अर्धा वाटा म्हणतात आणि थांबतात. ‘तुमचा नि माझा, दोन्ही अर्धे तुम्हीच म्हणा’ असं स्पष्ट सांगितलं, तर त्यांना यादीचा शेवट इतर कुणाही माणसाइतकाच आठवतो. खाली आकडे होते, चोख.

आणि वर भाषा ही अशी: ‘खोत यांच्या मौलिक कामामुळेच हा प्रश्न आमच्यासमोर आला.’ मौलिक! फ्लॉसीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

विनयाला एक दुपार आठवली. त्या गावातल्या लुसीमावशींची ओटी. सहावा शब्द झाला, मावशी थांबल्या, विनयाने कागदावर ‘६’ लिहिला. कडेला उभी असलेली फ्लॉसी, दोन वेण्या, म्हणाली होती, "मॅडम, त्या ना—"

"श्श! मध्ये बोलायचं नाही. प्रयोग बिघडतो."

जयवंतला तिने रात्रीच्या जेवणाआधीच सगळं सांगितलं.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "परत पाठव. लिही, मी या बाईंना ओळखते, मला जमणार नाही."

"कुठल्या बाईंना? नाव कुठे आहे त्याच्यावर?"

"विनया."

"मला काय माहीत कोणाचा आहे! असेल कुणाचाही."

"मग एवढी थरथरतेस का?"

ती उठून आत गेली.

संपादकांनी तीन आठवडे दिले होते. निबंध कपाटात साड्यांखाली गेला आणि नाताळ आला तरी तिथेच राहिला. स्टाफरूममध्ये फ्लॉसी पोस्टाच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची. कुठे काय पाठवलंय ते कोणाला सांगत नव्हती, पण विनयाच्या शेजारी येऊन सुस्कारे टाकायची.

"मॅडम, जर्नलवाले किती वेळ लावतात हो?"

"लावतात गं. त्यांना काय तेवढंच काम असतं?"

"पण तीन-तीन महिने?"

"परीक्षक मोठे लोक असतात, फ्लॉसी. बिझी असतात." असं म्हणताना विनयाला इतकं गार वाटलं, की तिने लगेच तिला आपल्या डब्यातली करंजी दिली. फ्लॉसीने ती खाल्ली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून मी या लायनीत आले." विनयाला स्वतःचीच करंजी गिळवेना.

नवीन वर्ष उजाडल्यावर एका रविवारी, चर्चमधली मिसा सुटून लोक घरी परतायच्या वेळेला, विनया रिक्षा करून आगाशीच्या वाटेला लागली. फ्लॉसीचं कुठेतरी चुकलं असणार. एवढंच सिद्ध करायचं होतं. एक भोक सापडलं की सगळा निबंध बुडवता येतो.

लुसीमावशी ओटीवर खाटेवर बसल्या होत्या. मागे केळीच्या वाडीत पंप धडधडत होता.

"कोन गो? शाळेची बाई?" त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "आगो, तुजे केस पिकले!"

"पिकले, मावशी. पुन्हा तो शब्दांचा खेळ खेळायचा?"

"खेल की. मना काय काम हाय?"

विनयाने बारा शब्द वाचले. विहीर, टोपली, मीठ, चांदणी, कुलूप, म्हैस, दोरी, खिडकी, लिंबू, चाक, उशी, घंटा.

"विहीर, टोपली, मीठ, चांदनी, कुलूप, म्हैस," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

मागच्या वेळी इथेच विनया "छान हं" म्हणाली होती आणि पुढच्या घरी गेली होती. या वेळी तिने पेन खाली ठेवलं. पंप धडधडत राहिला. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग भुवया वर केल्या, देवळात शेजारचा डुलकी घेताना सापडला तर करावं तसं.

"बोल की गो."

"काय बोलू?"

"तुजा अर्धा. सगला काय मी एकटीच बोलू? हावरट हाय काय मी?"

विनयाच्या तोंडून हळूच निघालं, "दोरी..."

आणि जोडीदार सुरू झाला या समाधानात मावशी तिच्या सुरात सूर मिळवून पुढे निघाल्या, "खिडकी, लिंबू, चाक, उशी, घंटा!" मग हसून म्हणाल्या, "तवा तू बोललीच नाय. आमी म्हटलं, बाईला येत नसंल."

परतताना रिक्षावाला भाडं सांगत होता आणि विनयाला ऐकू येत नव्हतं. लाज वाटायला हवी होती. लाज तिने शोधलीही. पण आत सापडलं ते वेगळंच. हे मला का नाही दिसलं? मी तिथे होते. मी आधी होते. तिला नुसतं त्या गावात जन्मल्यामुळे दिसलं, आणि आता नाव तिचं होणार.

मग दुसरा विचार आला, आणि तो तिला आवडला. चाचणी घेणारी बोलल्याबरोबर मावशीही बोलल्या, हे फ्लॉसीच्या निबंधात नव्हतंच. तिने बायकांना ‘दोन्ही अर्धे म्हणा’ एवढंच सांगून पाहिलं होतं. जोडीला स्वतः बोलून पाहिलं नव्हतं. हे विनयाने पाहिलं. आपलीच चूक आपणच दुरुस्त करणारा निबंध! ‘खोत, २०००’. तो आधी छापला, तर फ्लॉसीचा शिळा होईल. आणि फ्लॉसीचा तर आपल्याच साड्यांखाली आहे. तो तिथेच राहिला तर?

तिने पहिली चार पानं लिहिलीसुद्धा. छान झाली होती.

चौथं पान झालं त्याच आठवड्यात फ्लॉसी तिला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठून बसली. डोळे सुजलेले.

"मॅडम, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी तुमच्याविरुद्ध लिहिलंय."

"काय?"

"पेपर. तुमच्या चौऱ्याण्णवच्या कामावर. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली. आणि आता तिथून उत्तरच नाही. माझ्या मनात येतं, मी तुमच्या पाठीमागे केलं ना, म्हणूनच अडकलंय ते."

विनयाला राग आला, पण भलताच. निदान फसवणूक झाल्याचं दुःख तरी आपल्या वाट्याला होतं. तेही ही काढून घ्यायला आली होती.

"घरी काय म्हणतात?" तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"घरी म्हणतात सोड. फर्डिनंडला कुवेतला नोकरी लागलीय, लग्न करून तिकडे जा म्हणतात. मी मम्मीला सांगितलंय, पेपर आला तर इथेच राहून पीएच.डी. करीन. नाही आला तर..." तिने रुमालात नाक शिंकरलं. "नाही आला तर माझ्यात ते नाही, असं समजायचं ना, मॅडम?"

असं म्हणून ती उत्तरासाठी विनयाकडे बघत राहिली.

"तास आहे माझा," विनया म्हणाली आणि उठली.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. संकेत मैदानावर, जयवंत ऑफिसात. तिने साड्यांखालून निबंध काढला आणि संपादकांचा कागद पुढे ओढला. एक ओळ पुरली असती: ‘छापण्याजोगा नाही.’ मग कुवेत. मग शेजारची खुर्ची रिकामी आणि दारातली पोरं पुन्हा तिची.

पण त्या ओळीखाली कारणं द्यावी लागत. विनयाने पहिलं कारण लिहिलं: नमुना लहान आहे. खोडलं. तिच्या स्वतःच्या नमुन्याच्या दुप्पट होता. दुसरं लिहिलं: माळेचा संबंध केवळ तर्क आहे. आणि लुसीमावशींच्या भुवया डोळ्यांसमोर आल्या. तेही खोडलं. तिसरं खरं होतं: जिथे माळ म्हणत नाहीत अशा गावातल्या, तितक्याच वयाच्या निरक्षर बायका घेऊन तुलना केलेली नाही. हे मात्र भोक होतं. तिला आनंद झाला. तिने ते झणझणीत लिहिलं. वसईच्या खाडीकाठी मिठागरांची हिंदू गावं आहेत, लेखकाला ती दिसली नाहीत काय, असंसुद्धा.

चौथा मुद्दा लिहायला घेतला तेव्हा तिचा हात थांबला. हा मुद्दा म्हणजे तिची स्वतःची चार पानं होती. ती लिहिली तर गेली. परीक्षकाचं काही छापून येत नाही.

तिने फ्लॉसीचा शेवट पुन्हा वाचला. किती मुळमुळीत! एवढा सुंदर शोध आणि शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’. असा करतात शेवट? अंगाचा तिळपापड झाला तिच्या. हिला हे सापडलं आणि हिला ते म्हणता येत नाही! कसं म्हणायचं ते दाखवायलाच हवं. आणि मग तिचं पेन सुटलंच: चाचणी घेणाऱ्याने स्वतः पुढचा शब्द म्हणून पाहावा, त्यापुढचे शब्द बाईच म्हणेल. आणि समारोप असा करावा: ‘परीक्षा घेणाऱ्याने ज्याला विसरणं म्हणून मोजलं, ते त्या बायकांचं वाट पाहणं होतं, आणि ज्याची वाट पाहिली जात होती, तो परीक्षा घेणाराच होता.’

लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं. आयुष्यात तिने इतकं चांगलं वाक्य लिहिलं नव्हतं. आपली चार पानं तिने आडवी फाडली, ‘या दुरुस्त्या करून छापावा’ यावर खूण केली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पाकीट रजिस्टर केलं. चांगुलपणा केल्यासारखं मुळीच वाटलं नाही. घरी येऊन तिने विनाकारण संकेतला ओरडा दिला.

पंधरवड्यात फ्लॉसी स्टाफरूममध्ये वादळासारखी घुसली.

"मॅडम! आलं! पण हा बघा, परीक्षक क्रमांक दोन! पहिला किती गोड आहे, आणि हा... ‘लेखकाला दिसली नाहीत काय!’ असं बोलतात का? नक्की म्हातारा असणार. बायको सोडून गेलेला."

"बुवाच कशावरून?" विनयाने वह्यांमधून मान वर केली नाही.

"बाई इतकी कुजकी नसते, मॅडम."

"अगं पण मुद्दा?"

"मुद्दा बरोबर आहे," फ्लॉसी धपकन बसली. "तोच तर वैताग आहे. सगळे मुद्दे बरोबर आहेत त्या खडूसाचे. आता मला मिठागरांत जायला लागणार, उन्हातान्हात."

"जा मग. छत्री घेऊन जा."

ती गेली. मिठागरांच्या गावांतल्या म्हाताऱ्यांनी यादीचा शेवट न सांगताच म्हणून दाखवला. ख्रिस्ती गावात फ्लॉसीने ‘दोरी’ म्हटलं, की बायका पुढे घंटेपर्यंत जात. निबंध त्या वर्षाच्या अखेरीला छापून आला. फर्डिनंड एकटाच कुवेतला गेला, दोन वर्षं थांबायच्या बोलीवर. पुढच्या पावसाळ्यापर्यंत फ्लॉसीला इतकी कार्डं आली की शिपाई ती रबर लावून आणायचा. त्यात जपानची होती. विनयाकडे जपानचं नव्हतं.

सत्कार स्टाफरूममध्येच झाला. वेफर्स, समोसे, आणि प्राचार्य शत्रुघ्न म्हात्रे, जर्नलचा अंक हातात धरून.

"मला मेंदूबिंदूतलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. ऐका." त्यांनी ते वाचलं, आधी इंग्रजीत, मग आपल्या मराठीत. परीक्षा, विसरणं, वाट पाहणं. विनयाच्या हातातली बशी किंचित कलंडली आणि चटणी साडीवर सांडली.

"सर, ते माझं नाही," फ्लॉसी लाल होत म्हणाली. "खरंच. परीक्षकाने सुचवलं होतं. मी तसंच्या तसं ठेवलं."

"बघा!" प्राचार्यांनी दोन्ही हात पसरले. "बघा ही नम्रता! परीक्षक कधी वाक्यं देतात का कुणाला? ते कापतात!"

सगळे हसले. फ्लॉसीने पुन्हा तोंड उघडलं, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. मग प्राचार्य विनयाकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसत होते.

"काय खोतबाई? तुमचीच विद्यार्थिनी. कसं वाटलं वाक्य?"

विनयाने रुमालाने साडीवरची चटणी टिपली. नीट, सावकाश.

"चांगलंय," ती म्हणाली. "थोडं लांब झालंय."